काढता येणारी वायर

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी रात्री अडीच वाजता मी पलंगाखाली अर्धी आत, अर्धी बाहेर अशा अवस्थेत एक वायर शोधत होते. त्या आठवड्यात ऑन-कॉल होते, प्रॉडक्शनवर एक जॉब बोंबलला होता, आणि घरचं वायफाय दर दोन मिनिटांनी मान टाकत होतं. राउटर हॉलमध्ये, मी आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. म्हटलं, सरळ वायर लावू. वायर सापडली, कॉलेजच्या वेळची, निळी, तिच्या प्लगचा खटका तुटलेला. ती घेऊन लॅपटॉपपाशी आले, लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि मग आठवलं की ह्याला ते पोर्टच नाहीये. ऑफिसने दिलेलं डोंगल ऑफिसच्याच ड्रॉवरमध्ये. शेवटी फोनच्या हॉटस्पॉटवर कसंबसं निभावलं.

दुसऱ्या दिवशी मामाशी फोनवर बोलताना हे सांगितलं. माझा मामा सांगलीला, नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर असेंबल करून द्यायचा आणि लॅन टाकून द्यायचा. तो हसायलाच लागला. म्हणाला, "अगं, तुमचा प्रॉब्लेम वायर लावायचा आहे. आमच्या वेळी प्रॉब्लेम काढायचा होता. लावायला कुणालाही यायचं. कुणी काढली की मला बोलावणं यायचं."

हे वाक्य डोक्यातून जाईना. कॉम्प्युटर वायरने एकमेकांना कसे जोडले ह्याचा इतिहास आपण सगळे वेगाच्या भाषेत शिकलो. आधी १०, मग १००, मग १००० मेगाबिट, परीक्षेला एवढं पुरे. पण मामाच्या बाजूने बघितलं तर ती गोष्ट वेगळीच दिसते: दुसऱ्या कुणाला त्रास न होता आपली वायर काढता येणं, ही सोय कधी होती, कुठे हरवली आणि परत कशी आली. दोन वीकेंड ह्यातच गेले. म्हणून हा लेख.

सुरुवात हवाईपासून करावी लागते, कारण इथरनेटचा आजोबा तिथला. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन ह्यांच्या गटाने १९७१ मध्ये अलोहानेट सुरू केलं. बेटांवरची टर्मिनल्स रेडिओने मुख्य कॉम्प्युटरशी बोलायची. नियम अगदी बेफिकीर: बोलायचं असेल तेव्हा बोला. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया गेलं असं समजा, आणि थोडा वेळ, प्रत्येकाने आपापला वेगळा, थांबून परत बोला. गणित केलं तर अशा पद्धतीत चॅनेलच्या क्षमतेच्या जेमतेम १८ टक्केच कामी येते. पण चालतं. मुख्य म्हणजे कुणी आलं-गेलं तरी कुणाला सांगावं लागत नाही.

हे वाचलं बॉब मेटकाफने. हार्वर्डने त्याचा पीएच.डी.चा प्रबंध आधी नाकारला होता, त्यात थिअरी कमी आहे म्हणून. मग त्याने अलोहाचं गणित सुधारून त्यात घातलं आणि १९७३ मध्ये पदवी मिळवली. (प्रोजेक्टला "इनोव्हेशन कमी" असा शेरा मिळालेल्या समस्त जनतेने नोंद घ्यावी.) तोवर तो झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात, म्हणजे पार्कमध्ये, कामाला लागला होता. तिथे आल्टो नावाचा कॉम्प्युटर बनत होता, प्रत्येकाच्या टेबलावर एक असा. हे सगळे आल्टो एकमेकांना आणि एका लेझर प्रिंटरला जोडायचे होते. २२ मे १९७३ ला मेटकाफने एक मेमो लिहिला आणि त्यात "इथर" हा शब्द आला. एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांना वाटायचं की प्रकाश इथर नावाच्या सर्वव्यापी पदार्थातून जातो. तसा काही पदार्थ नसतो हे पुढे सिद्ध झालं, पण नाव मोकळंच होतं. मेटकाफचं म्हणणं असं की ह्याला "केबल" म्हणूच नका, कारण उद्या ते दुसरंही काही असू शकेल. पुढे काय काय झालं ते पाहता माणसाने फारच शहाणपणा केला म्हणायचा.

डेव्हिड बॉग्ज हा त्याचा जोडीदार. हौशी रेडिओवाला, सोल्डरिंगमध्ये हात बसलेला. दोघांनी मिळून जे उभं केलं त्याचा वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट. हा विचित्र आकडा आल्टोच्या घड्याळावरून आला, फार खोल कारण नाही. अलोहाच्या वर त्यांनी दोन गोष्टी घातल्या: बोलण्याआधी ऐका, आणि बोलतानाही ऐकत राहा, टक्कर झाली असं कळलं तर लगेच गप्प बसा.

आता आपल्या मुद्द्याची गोष्ट. कोॲक्सिअल केबलला मशीन जोडायला त्यांनी केबल टीव्हीच्या धंद्यातले टॅप वापरले. हे टॅप केबल न कापता तिला चावतात. बाहेरचं आवरण भेदून एक सुई मधल्या तारेपर्यंत जाते. म्हणून पुढे लोक ह्याला व्हॅम्पायर टॅप म्हणायला लागले. मुख्य केबल अखंड, निर्जीव, तिच्यात कुठे वीज लागणारं यंत्र नाही. एखादा आल्टो बंद पडला तरी केबलला त्याचं सोयरसुतक नाही.

१९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स ह्या तीन कंपन्यांनी मिळून १० मेगाबिटचं इथरनेट जाहीर केलं. १९८३ मध्ये आयईईईने ८०२.३ म्हणून त्याचं मानक केलं. ह्यातली केबल म्हणजे बोटाएवढी जाड, बहुतेक वेळा पिवळी, बागेत पाणी घालायच्या पाइपसारखी हट्टी. एक तुकडा जास्तीत जास्त ५०० मीटर, त्यावर १०० पर्यंत जोडण्या, आणि जोडणी कुठेही नाही करायची! केबलवर दर २.५ मीटरला खूण छापलेली असे, त्या खुणेवरच टॅप बसवायचा. ठरावीक अवजाराने भोक पाडायचं, टॅप आवळायचा, त्याला ट्रान्सीव्हरचा डबा, आणि त्या डब्यापासून टेबलापर्यंत वेगळी केबल, ५० मीटरपर्यंत.

म्हणजे हा सगळा प्रकार अवजड आणि महाग होता, पण टेबलावरचं मशीन काढून नेलं तर छतातल्या पिवळ्या केबलला काही होत नसे. काढायची सोय पहिल्या दिवसापासून होती. ती गेली स्वस्ताईच्या नादात.

मेटकाफने १९७९ मध्ये थ्रीकॉम कंपनी काढली होती. आयबीएमचा पीसी १९८१ मध्ये आला आणि १९८२ मध्ये थ्रीकॉमने त्यासाठी इथरलिंक कार्ड काढलं. ट्रान्सीव्हरचा वेगळा डबा गेला, तो कार्डावरच आला. जाड केबलच्या जागी पातळ, लवचिक कोॲक्स आली. १९८५ मध्ये त्याचंही मानक झालं, १०बेस-२. तुकडा १८५ मीटर, ३० मशीन्स. टॅप नाही, भोक नाही. प्रत्येक पीसीच्या पाठीमागे इंग्रजी टी अक्षरासारखा जोड. एका हाताने डावीकडच्या पीसीची केबल धरायची, दुसऱ्या हाताने उजवीकडच्या, आणि शेवटच्या दोन मशीन्सच्या मोकळ्या टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे बाटलीच्या बुचासारखा एक तुकडा. शाळेत हात धरून साखळी करतात ना, तसं.

स्वस्त, सुटसुटीत, पाच-सहा पीसीच्या ऑफिसला उत्तम. पण आता जी मुख्य केबल छतात सुरक्षित होती, ती प्रत्येकाच्या पायाशी आली. आणि केबल आता अखंड नव्हती, दर पीसीपाशी कापलेली होती.

इथे मामाचा किस्सा सांगते. १९९५ च्या आसपास एका पतसंस्थेत त्याने लॅन टाकली. एक नोव्हेल नेटवेअरचा सर्व्हर, सात नोड. नोडना हार्ड डिस्क नाहीच, पैसे वाचवायला. नेटवर्क कार्डावर एक बूट रॉम, मशीन चालू केलं की सर्व्हरवरूनच डॉस उचलायचं. म्हणजे वायर गेली की नोड म्हणजे नुसता पाट. संस्थेत सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशी होत्या. त्यांच्या झाडूचा फटका टेबलाखालच्या टी-ला बसला की जोड अर्धा निसटायचा. एखाद्या क्लार्कने जागा बदलायची म्हणून पीसी उचलला की साखळी तुटायची. आणि तुटली म्हणजे एक मशीन बंद पडलं असं नाही. सातही बंद. काउंटरवर पेन्शनरांची रांग, कॅशिअर हात बांधून बसलेला, आणि मॅनेजर मामाच्या दुकानात फोन लावतोय.

सगळी का बंद? तुटलेल्या जागेच्या अलीकडची तरी आपापसात का बोलू नयेत? हे मला इंजिनिअरिंगला कुणी नीट सांगितलं नव्हतं, मामाने सांगितलं. दोरीचं एक टोक भिंतीला बांधून दुसऱ्या टोकाला हिसका दिला की लाट भिंतीपर्यंत जाते आणि परत येते. केबलमधला सिग्नलही मोकळ्या टोकावर आपटून परत येतो. टर्मिनेटरचं काम ती लाट गिळून टाकणं. केबल मध्ये तुटली की दोन नवी टोकं तयार होतात, त्यांना टर्मिनेटर नाही. मग मशीन जे बोलतं तेच उलटं येऊन त्याच्या पुढच्या बोलण्यावर आपटतं. कार्डाला वाटतं टक्कर झाली. ते थांबतं, परत बोलतं, परत टक्कर. सोळा वेळा प्रयत्न करून नाद सोडतं.

मामाची दुरुस्तीची पद्धत ऐकून मी उडालेच. तो खिशात एक जादा टर्मिनेटर ठेवायचा. साखळीच्या मधोमध जाऊन तिथे केबल सोडायची, टर्मिनेटर लावायचा आणि बघायचं, सर्व्हरकडचा अर्धा भाग चालू झाला का? झाला, तर दोष पलीकडे. नाही, तर अलीकडे. मग त्या अर्ध्याचा अर्धा. म्हटलं, मामा, ही तर बायनरी सर्च! तो म्हणाला, "असेल. मी तर नारळ बघून शिकलो, कुठल्या बाजूला वाजतो ते." (ह्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.)

बरं, आयबीएमला हे आधीच सुचलं होतं, आणि तेही नीट. १९८५ मध्ये त्यांनी टोकन रिंग आणली, आधी ४ मेगाबिट, नंतर १६. नावात रिंग असली तरी प्रत्येक पीसीपासून केबल एका मधल्या डब्यापर्यंत जायची आणि वर्तुळ त्या डब्याच्या पोटात असायचं. डब्यात प्रत्येक जागेला एक रिले. पीसीचं कार्ड त्या केबलवरून थोडा विद्युतदाब देत राहायचं, त्यावर रिले उघडा राहायचा आणि पीसी वर्तुळात असायचा. पीसी बंद केला किंवा वायर उपटली की दाब गेला, रिले खटकन बंद, वर्तुळ त्याला वगळून पूर्ण. बाकीच्यांना पत्ताही नाही. टक्कर वगैरे भानगडच नाही, कारण टोकन ज्याच्याकडे तोच बोलणार. इंजिनिअर म्हणून मला विचाराल तर त्या काळात हेच जास्त सुसंस्कृत नेटवर्क होतं. पण कार्ड महाग, केबल जाड, आणि सगळा प्रकार आयबीएमच्या घरचा. इथरनेट बनवणाऱ्या कंपन्या भाराभर, म्हणून किमती पडत गेल्या. भाजीपुढे पक्वान्न हरलं म्हणा.

मात्र इथरनेटवाल्यांनी ह्यातून एक गोष्ट उचलली: तारा मधल्या एका जागेला आणायच्या.

आणि दुसरी गोष्ट उचलली टेलिफोनकडून. अमेरिकेत पूर्वी घरातला फोन बेल सिस्टीमच्या मालकीचा असे आणि बहुतेक ठिकाणी तो भिंतीला पक्का जोडलेला. ग्राहकाने स्वतः काढायचा नाही, माणूस येऊन काढणार. (आपल्याकडेही तो काळा फोन खात्याचाच असे आणि हलवायला अर्ज लागे, हे आजोबांकडून ऐकलंय.) १९६८ मध्ये कार्टरफोन खटल्यात निकाल लागला की ग्राहक बाहेरचं उपकरणही लाइनला जोडू शकतो. त्यानंतर सत्तरच्या दशकात खटक्याचा तो छोटा पारदर्शक प्लग सगळीकडे पसरला. घरातल्या माणसाने स्वतः, अवजाराशिवाय, फोन काढावा आणि लावावा, हाच त्याचा उपयोग. आपला लॅनचा प्लग त्याच घराण्यातला, आठ तारांचा थोरला भाऊ.

अमेरिकेतल्या ऑफिसांच्या भिंतींत टेलिफोनच्या पीळ घातलेल्या तांब्याच्या जोड्या आधीच होत्या, बऱ्याचशा न वापरलेल्या, आणि त्या सगळ्या मजल्यावरच्या एका कपाटात येत होत्या. ह्या तारांवर १० मेगाबिट जाणार नाही असं बऱ्याच लोकांना वाटे. पार्कमधूनच बाहेर पडलेल्या लोकांनी १९८५ मध्ये सिनऑप्टिक्स नावाची कंपनी काढली. आधी त्यांनी फायबर आणि आयबीएमच्या शिल्डेड केबलवर इथरनेट चालवलं आणि १९८७ मध्ये साध्या टेलिफोनच्या तारेवर. तीन वर्षांनी, १९९० मध्ये, ह्या कल्पनेचं मानक झालं: १०बेस-टी. पीसीपासून हबपर्यंत १०० मीटर, आठातल्या चार तारा वापरायच्या.

आणि इथे माझा एक जुना राग शांत झाला. कॉलेजात प्रॅक्टिकलला केबल क्रिंप करायची असते. केशरी-पांढरा, केशरी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. स्तोत्रासारखं पाठ केलं होतं. पण केशरीची जोडी शेजारी-शेजारी, तपकिरीची शेजारी-शेजारी, आणि हिरव्याची मात्र ताटातूट, मध्ये निळी जोडी घुसलेली. का? एक्स्टर्नलला विचारलं तर म्हणाले, "स्टँडर्ड आहे." तर कारण असं, की प्लगच्या मधल्या दोन पिना टेलिफोनच्या पहिल्या लाइनच्या. निळी जोडी तिथे. दुसरी लाइन तिच्या दोन्ही बाजूंना, ही टेलिफोनची जुनी रीत. १०बेस-टीने १-२ आणि ३-६ ह्या पिना घेतल्या आणि मधल्या दोन फोनसाठी सोडून दिल्या. घरात फोनला जागा ठेवून पाहुणा बाजूला झोपला, आणि पुढे फोन गेला तरी तो तसाच झोपतोय.

पण मला १०बेस-टीमधलं सगळ्यात आवडलेलं काय असेल तर लिंक पल्स. कोॲक्सवर कुणी बोलत नसेल तेव्हा संपूर्ण शांतता असे, त्यामुळे कुणी गप्प आहे की निघून गेलंय हे कळायला मार्ग नाही. १०बेस-टीत दोन्ही टोकं, काम नसलं तरी, साधारण दर १६ मिलिसेकंदाला एक बारीकसा ठोका पाठवतात. "आहे, आहे, आहे." ठोके येताहेत तोवर हिरवा दिवा. थांबले की हब समजतो, गेला, आणि तेवढी जागा बाजूला ठेवतो. बाकीच्यांचं चालू. पुढे विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात वायर निघाल्याचं लाल फुली मारलेलं चित्र यायचं, ते ह्याच ठोक्यांच्या जिवावर.

मामाच्या पतसंस्थेत पुढे काही वर्षांनी हब आला. झाडूचा फटका बसला तर फक्त त्याच टेबलाचं मशीन बंद, आणि क्लार्क स्वतःच वाकून प्लग परत लावायचा, खट् आवाज येईपर्यंत. मामा म्हणतो, "माझ्या व्हिजिटा निम्म्यावर आल्या." हे तो आनंदाने सांगतो की दुःखाने, कळत नाही.

हबमध्येही सगळे एकमेकांवर ओरडतच होते, फक्त एका डब्यात. ते थांबलं स्विचमुळे. साधारण १९९० मध्ये सिलिकॉन व्हॅलीतल्या एका कंपनीने सात पोर्टांचा पहिला इथरनेट स्विच आणला. संस्थापक विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर, आणि कंपनीचं नाव "कल्पना". हो, आपलीच कल्पना! १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. स्विच प्रत्येक फ्रेम ज्याची त्यालाच देतो, त्यामुळे टक्कर हा प्रकारच संपत गेला. २००२ मध्ये १० गिगाबिटचं मानक आलं त्यात टकरीचा नियम काढूनच टाकला. मेटकाफ-बॉग्जच्या इथरनेटमधलं आज उरलंय काय, तर नाव आणि साधारण फ्रेमचा आकार. "केबल म्हणू नका" म्हणाला होता ना, ते बरंच.

आता लॅपटॉप.

वायर काढता येणं ही डेस्कटॉपसाठी दुरुस्तीची सोय होती. लॅपटॉपसाठी ते रोजचं काम. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लॅपटॉपमध्ये नेटवर्क कार्ड बसवायला जागाच नसे. १९८९ मध्ये झिरकॉम कंपनीने एक खिशात मावणारा डबा काढला, तो प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावायचा आणि दुसऱ्या बाजूने नेटवर्क. हळू, पण चालणारा. म्हणजे बघा, लॅपटॉपचं लॅनशी नातं सुरू झालं तेच डोंगलने! मग पीसीएमसीआयए कार्डं आली. (हे नाव कुणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून लोकांनी त्याचा अर्थच "माणसांना कॉम्प्युटरवाल्यांची आद्याक्षरं पाठ होत नाहीत" असा लावला होता.) कार्डाची जाडी ५ मिलिमीटर, आणि खटक्याचा प्लग त्याहून उंच. तो आत जाणार कसा? म्हणून कार्डाच्या चपट्या बुडातून एक शेपूट निघायची आणि तिच्या टोकाला सॉकेट. ती शेपूट हरवायची, नाहीतर तुटायची, आणि तिच्याशिवाय कार्ड म्हणजे पत्र्याचा तुकडा. नव्वदच्या दशकाअखेर पोर्ट लॅपटॉपच्या अंगातच आलं आणि हा छळ थांबला.

पण पोर्ट असून भागत नाही. पतसंस्थेतल्या प्रत्येक मशीनचा पत्ता मामाने वहीत लिहून ठेवला होता, कारण मशीन हलणारच नव्हतं. लॅपटॉप सकाळी एका मजल्यावर, दुपारी दुसऱ्या गावी. १९९३ मध्ये डीएचसीपी आलं: वायर लावली की नेटवर्कलाच विचारायचं, माझा पत्ता काय? आणि पत्ता मिळणार तो भाडेपट्ट्याने, ठरावीक मुदतीचा, कारण पाहुणा न सांगता वायर उपटून निघून जाणार हे गृहीतच धरलेलं. मला हा फार समजूतदार प्रोटोकॉल वाटतो. १९९५ मध्ये १०० मेगाबिटबरोबर ऑटो-निगोशिएशन आलं. लिंक पल्सच्या त्या एका ठोक्याच्या जागी ठोक्यांचा झुबका, त्यात "मला एवढा वेग झेपतो" ही माहिती भरलेली. वायर कुठेही लावा, दोघं आपसात ठरवतील. नंतर ह्युलेट-पॅकार्डच्या इंजिनिअरांच्या डोक्यातून ऑटो एमडीआय-एक्स निघालं, त्यामुळे दोन मशीन्स थेट जोडायला वेगळी उलटसुलट केबल लागणं बंद झालं. आपल्या सिलॅबसमध्ये मात्र क्रॉस केबल अजून होती. मी बनवली, मार्क मिळाले, आणि पुन्हा कधी वापरली नाही.

एवढं सगळं जमून आलं, काढणं-लावणं अगदी बिनबोभाट झालं, आणि लॅपटॉपवाल्यांनी वायरच नको म्हटलं. १९९७ मध्ये वायफायचं पहिलं मानक, १९९९ मध्ये ॲपलच्या आयबुकमध्ये त्याची सोय, २००३ मध्ये इंटेलचं सेन्ट्रिनो. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्जने कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला, त्याला इथरनेट पोर्ट नव्हतं. हवं असेल तर यूएसबीचं डोंगल वेगळं विकत घ्या. म्हणजे परत १९८९! त्यावेळी बऱ्याच लोकांनी नाकं मुरडली आणि पुढच्या काही वर्षांत पातळ लॅपटॉप बनवणाऱ्या सगळ्यांनी तेच केलं. दोष त्या खटक्याच्या प्लगचा, तो काही पातळ होत नाही. काही लॅपटॉपना खालचा जबडा उघडणारं सॉकेट असतं, मगरीसारखं. आमच्या ऑफिसचा लॅपटॉप त्यातला नाही.

आणि वायफाय म्हणजे पुन्हा अलोहाच. सगळे एकाच हवेत बोलणार, आधी ऐकणार, टक्कर टाळायला जो तो आपापला थांबणार. रात्री अडीचला सोसायटीतल्या किती घरांचे राउटर माझ्या कपाटाआडून बोलत होते कुणास ठाऊक. तारेने जी गर्दी स्विचने संपवली, ती आपण हवेत परत मांडली.

काढायच्या सोयीला एक दुसरी बाजूही निघाली, ती मामाला माहीतच नव्हती. ज्याला काढता येतं त्याला लावताही येतं, कुणालाही. कोॲक्सच्या साखळीत कुणी चोरून मशीन घुसवलं असतं तर साखळी तुटून सगळ्यांना कळलं असतं! आता कॉन्फरन्स रूमच्या भिंतीतल्या सॉकेटात कुणीही आलागेला प्लग खुपसू शकतो. म्हणून २००१ मध्ये ८०२.१एक्स आलं, आधी ओळख पटवा मग बोला. त्यातून डोंगलची एक नवीन गंमत. नेटवर्क मशीनला ओळखतं ते कार्डाच्या पत्त्यावरून, आणि तो पत्ता आता डोंगलचा, लॅपटॉपचा नाही. नोंद अशी नुसती पत्त्यावरून ठेवली असेल तर डोंगल शेजारच्याला दिलं की नेटवर्कच्या दृष्टीने तो म्हणजे मीच. एका ऑफिसात ह्यामुळे माझ्या नावावर एक तक्रार लागली होती, ती मिटायला तीन मेल लागले.

बॉग्ज फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले. मेटकाफना २०२२ सालचं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, त्याची घोषणा २०२३ च्या मार्चमध्ये झाली. अब्रॅमसन २०२० मध्येच गेले होते.

मागच्या रविवारी तपकीर गल्लीत जाऊन एक यूएसबी-सी डोंगल घेतलं, घरी ठेवायला. प्लगची एक पिशवीही घेतली, आणि हॉस्टेलवर काउंटर-स्ट्राइकसाठी चौघींनी मिळून घेतलेला क्रिंपिंगचा पकड माझ्याकडेच राहिलाय तो काढला. निळ्या वायरचं तुटक्या खटक्याचं टोक कापलं आणि नवीन प्लग बसवला. पहिल्या खेपेला हिरव्या जोड्या शेजारी-शेजारीच घातल्या, इतकं सगळं वाचून. दुसऱ्या खेपेला बरोबर. वायर आता हॉलपासून आत येते, दाराच्या फटीतून. आई येऊन गेली तेव्हा झाडताना तिने ती काढून ठेवली होती, नीट गुंडाळून, वर रबरबँड लावून. कुणाचंच काही बंद पडलं नाही.